मॅक्रो लेन्स घेण्याआधी : हातातल्या झूमवर करून पाहायचे प्रयोग

पाऊस सुरू झाला की नव्याने कॅमेरा घेतलेल्या मंडळींचा एक प्रश्न हमखास येतो : "फुलपाखरं, किडे काढायचेत, कोणती मॅक्रो लेन्स घेऊ?" मॅक्रो लेन्स म्हणजे छोटी वस्तू अगदी जवळून मोठी काढणारी लेन्स. माझं उत्तर ठरलेलं आहे. आत्ता कोणतीच घेऊ नका. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिमीची झूम (मिमीचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ, तो मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) आणि जोडीला ५५-२५० किंवा ७०-३०० असेल, तर अख्खा पावसाळा त्यांवर सहज निघतो. तेवढ्यात तुम्हालाच कळतं की आपल्याला मॅक्रो लेन्स लागणार आहे की नाही, आणि लागली तर किती मिमीची.

प्रयोग ज्या क्रमाने करावेत, त्याच क्रमाने खाली दिले आहेत. आकडे एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी आहेत. सेन्सर म्हणजे जिच्यावर चित्र उमटतं ती चिप. त्यांचा सेन्सर कॅननमध्ये साधारण २२.३ मिमी आणि निकॉनमध्ये साधारण २३.५ मिमी रुंद असतो. फुल फ्रेम कॅमेरा असेल तर तिथे ३६ मिमी धरा.

पहिला प्रयोग : पट्टीचा फोटो

शाळेतली स्टीलची पट्टी खिडकीपाशी टेबलावर ठेवा. लेन्स ऑटोफोकसवरून मॅन्युअलवर आणा आणि फोकसचं कडं जवळच्या टोकापर्यंत फिरवा. आता कडं न हलवता कॅमेराच पुढेमागे करा आणि पट्टीवरचे आकडे स्पष्ट दिसतील तिथे फोटो घ्या. फ्रेमच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत पट्टीचे किती मिलिमीटर मावले ते मोजा. सेन्सरच्या रुंदीला त्या आकड्याने भागलं की आलं तुमच्या लेन्सचं मॅग्निफिकेशन, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराच्या किती पट उमटते ते. २२.३ मिमीचा सेन्सर आणि फ्रेममध्ये ६२ मिमी पट्टी, तर ०.३६. पट्टी बरोबर सेन्सरच्या रुंदीएवढीच मावली तर १, म्हणजेच १:१. खऱ्या मॅक्रो लेन्सकडून अपेक्षा असते ती एवढीच.

हा प्रयोग प्रत्येक लेन्सवर, झूमच्या दोन्ही टोकांना करून आकडे लिहून ठेवा. बहुतेकांना इथे पहिला धक्का बसतो. कॅननची पहिली १८-५५ एसटीएम (एसटीएम हे तिच्या फोकस मोटरचं नाव) ५५ मिमीला ०.३६ देते आणि ५५-२५० एसटीएम २५० मिमीला ०.२९. म्हणजे "लांबचं जवळ आणणारी" मोठी लेन्स लहान लेन्सपेक्षा वस्तू लहानच दाखवते, कारण तिला ८५ सेंटीमीटरपेक्षा जवळ फोकसच होत नाही. मग मोठी लेन्स कशाला? तर त्या ८५ सेंटीमीटरसाठीच. ५५ मिमीला ०.३६ मिळवायचं तर लेन्सचं तोंड फुलपाखरापासून वीतभरही लांब राहत नाही. एवढ्या जवळ येऊ देणारं फुलपाखरू बहुधा मेलेलं असतं.

झूम लेन्सच्या नळीवर 'मॅक्रो' छापलेलं असलं तरी भुलू नका. बहुतेक झूमवर त्याचा अर्थ "बऱ्यापैकी जवळ फोकस होतो" एवढाच. टॅमरॉनच्या स्वस्त ७०-३०० सारखे अपवाद आहेत. तिच्यावर एक बटण आहे. ते सरकवलं की १८० ते ३०० मिमीच्या दरम्यान ९५ सेंटीमीटरपर्यंत फोकस होतो आणि ३०० ला अर्धा म्हणजे ०.५ आकार मिळतो. ही लेन्स जुन्या बाजारात चांगल्या स्थितीत मिळाली तर नवख्याने बेलाशक घ्यावी.

दुसरा प्रयोग : नुसत्या झूमवर काय निघतं

पुष्कळ काही निघतं. ०.२९ ला फ्रेममध्ये साधारण साडेसात सेंटीमीटर रुंदी मावते. ब्लू मॉरमॉन, आपलं २०१५ मध्ये जाहीर झालेलं राज्य फुलपाखरू, पंख पसरून बसलं तर बारा-पंधरा सेंटीमीटरचं असतं. ते मॅक्रो लेन्सने काढायला जाल तर उलट मागे सरकावं लागेल. चतुर, नाकतोडे, सरडे, रानफुलांचे घोस, ओढ्याकाठी चिखलपान करत बसलेली फुलपाखरं ही सगळी झूमची कामं आहेत.

चतुरापासून सुरुवात करा. तो उडाला तरी बऱ्याचदा फिरून त्याच काडीवर येऊन बसतो. त्यामुळे त्याच्या मागे धावायचं नाही. काडीवर फोकस लावून उभं राहायचं. टाचणी, म्हणजे चतुराची सडपातळ चुलत बहीण, वेगळी. ती गवताच्या पात्याला समांतर बसते आणि तुम्ही बाजूने गेलात की पात्याच्या पलीकडे सरकते. तिच्यासाठी पुढ्यात न जाता सावकाश खाली बसा.

कासच्या पठारावर झूमचा आणखी एक उपयोग होतो. तिथली सीतेची आसवं आणि गेंद फुलतात ती कातळावरच्या सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर मातीच्या थरात. जवळ जायच्या नादात एक पाऊल चुकीचं पडलं तरी पाच-पन्नास रोपटी गेली. पायवाटेवरच बसून, कॅमेरा जमिनीलगत धरून, २५० मिमीने तिरका फोटो घेतला तर पुढची फुलं स्पष्ट आणि मागचा निळा-जांभळा पट्टा धूसर होतो. दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या चिकट थेंबांवर मागून ऊन येत असेल तेव्हा नुसत्या झूमनेही त्यांचं सोनं होतं.

तिसरा प्रयोग : क्लोजअप लेन्स

नवख्याने पैसे घालायचेच असतील तर ते इथे घालावेत. क्लोजअप लेन्स म्हणजे फिल्टरसारखी लेन्सच्या तोंडावर बसणारी भिंग. तिची ताकद डायऑप्टरमध्ये मोजतात आणि हिशेब चष्म्याच्या नंबराचाच : १००० ला डायऑप्टरने भागलं की तिची फोकल लेंग्थ मिमीमध्ये मिळते. +४ म्हणजे २५० मिमी, +२ म्हणजे ५०० मिमी.

मूळ लेन्सचा फोकस अनंतावर, म्हणजे सगळ्यात लांबच्या टोकाला ठेवला तर विषय भिंगापासून तेवढ्याच अंतरावर स्पष्ट दिसतो. मॅग्निफिकेशन काढायचं तर झूमच्या फोकल लेंग्थला भिंगाच्या फोकल लेंग्थने भागायचं. आता २५० मिमीच्या झूमवर +४ ची भिंग लावून पाहा. २५० भागिले २५०, उत्तर १. तुमच्या साध्या टेलिझूमवर १:१ मिळालं, तेही विषयापासून २५ सेंटीमीटर लांब राहून. झूम १२५ वर आणलीत तर अर्धा आकार, म्हणजे फ्रेममध्ये दुप्पट जागा, आणि अंतर तेच. कॅमेरा जागचा न हलवता झूमच्या कड्यावर आकार कमीजास्त करता येतो, ही सोय मॅक्रो लेन्समध्येसुद्धा नाही. मुंगीपासून भुंगेऱ्यापर्यंत एका जागी बसून काम होतं.

या भिंगा दोन जातीच्या असतात. +१, +२, +४, +१० असा चार भिंगांचा स्वस्त संच सर्वत्र मिळतो. त्यात एकेरी काच असते. मध्यभाग ठीक येतो, पण कडांना जांभळी-हिरवी झालर दिसते. त्यातली +१० तर पेपरवेट म्हणून वापरावी. दुसरी जात अ‍ॅक्रोमॅट, म्हणजे दोन-तीन काचा जोडून रंगदोष काढलेली. रेनॉक्सची डीसीआर-१५० (+४.८) आणि डीसीआर-२५० (+८) या त्यातल्या हौशी लोकांत सगळ्यात चालणाऱ्या. चिमट्यासारख्या पकडीने त्या ५२ ते ६७ मिमीच्या कोणत्याही लेन्सवर टप्पदिशी बसतात आणि निघतात. दोन्हींपैकी एक घ्यायची तर १५० घ्या. डीसीआर-२५० ला विषय जेमतेम बारा सेंटीमीटरवर येतो आणि २५० मिमीच्या झूमवर ती थेट दुप्पट आकार देते. नवख्याच्या हातात दुप्पट आकार म्हणजे फक्त हललेले फोटो.

ही भिंग लावल्यावर लांबचं काही दिसत नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं दुधट दिसलं तर घाबरू नका. विषय वीस-पंचवीस सेंटीमीटरच्या आसपास आला की तो आपोआप उमटतो.

चौथा प्रयोग : ट्यूब आणि उलटी लेन्स

एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी. आत काच नाही, म्हणून चित्राचा दर्जा फारसा ढळत नाही. केन्कोचा संच १२, २० आणि ३६ मिमीचा येतो. नळीची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ, एवढं मॅग्निफिकेशन वाढतं. ५० मिमी एफ/१.८ लेन्सवर १२ आणि २० अशा ३२ मिमीच्या नळ्या लावल्या तर ०.६४ ची भर पडते. तीच नळी २५० च्या झूमवर लावली तर ०.१३. म्हणून ट्यूब ५० मिमीसाठी आणि भिंग झूमसाठी, हे गणित पक्कं करा. कॅमेऱ्यासोबतच्या १८-५५ वर १८ मिमीला ३६ ची नळी लावलीत तर फोकसचं प्रतल लेन्सच्या काचेच्या आतच जातं आणि कशावरच फोकस होत नाही. लेन्स बिघडलेली नाही, ५५ वर या.

ट्यूब घेताना तिच्यात धातूचे संपर्कबिंदू आहेत ना ते बघा. काही शेकड्यांत मिळणाऱ्या नुसत्या नळ्यांमध्ये ते नसतात, आणि मग आजच्या बहुतेक लेन्सचं अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र, एफ/ चा आकडा मोठा तितकं ते बारीक) कॅमेऱ्यावरून बदलता येत नाही.

उलटी लेन्स हा सगळ्यात स्वस्त प्रकार. रिव्हर्स रिंग, म्हणजे लेन्स उलटी जोडायचं कडं लावून १८-५५ पालथी बसवायची. इथे झूमही उलटी वागते, १८ ला जास्त मोठं दिसतं आणि ५५ ला कमी. विषय काचेपासून काही सेंटीमीटरवरच लागतो, मागची उघडी बाजू पावसाच्या थेंबांपुढे येते आणि अ‍ॅपर्चरसाठी खटपट करावी लागते. घरात मिठाचा खडा, नोटेवरची बारीक छपाई, पिसाच्या कडा अशा निर्जीव गोष्टींवर एक रविवार मजेत जातो. त्यापलीकडे मी कुणाला सुचवत नाही.

पाचवा प्रयोग : प्रकाश

लेन्सवर हजारो रुपये घालणारे लोक प्रकाशावर शंभर रुपयेसुद्धा घालत नाहीत, आणि फोटो फसतो तो इथेच. १:१ ला एफ/८ वर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढेमागे स्पष्ट दिसणारा पट्टा मिळतो तो साधारण ०.६ मिमी. मुंगीच्या डोक्याएवढीसुद्धा नाही. अर्ध्या आकाराला तीच पावणेदोन मिमीच्या आसपास जाते. म्हणून अ‍ॅपर्चर बारीक करावंसं वाटतं. पण मॅक्रो लेन्स किंवा ट्यूबवर १:१ ला जाताना प्रकाश दोन स्टॉपने, म्हणजे पावभर उरेल इतका आधीच घटलेला असतो. लेन्सवर एफ/८ लिहिलेलं असलं तरी सेन्सरला ते एफ/१६ सारखं वाटतं. एफ/२२ लावलंत तर ते ४४ सारखं होतं, आणि विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे सगळंच चित्र मऊ पडतं. म्हणून ८ ते ११ च्या पलीकडे जाऊ नका. क्लोजअप भिंग असा प्रकाश खात नाही. तिथे ११, फार तर १६ पर्यंत जायला हरकत नाही.

एफ/११, पावसाळी ढग, झाडाखालचा अंधार आणि हातात धरलेला कॅमेरा या चौघांचं जमवायला फ्लॅश लागतोच. कॅमेऱ्यावरचा छोटा पॉप-अप फ्लॅशसुद्धा चालतो, पण लांब झूमच्या नळीची सावली थेट किड्यावर पडते. त्यावर उपाय घरात आहे. टीव्ही किंवा मिक्सरच्या खोक्यातून पांढऱ्या मऊ फोमचा कागद येतो. त्याचा ए-४ पानाएवढा तुकडा घ्या. मध्याच्या थोडं खाली लेन्सच्या घेरापेक्षा चार-पाच मिमी लहान गोल कापा आणि तो लेन्सच्या तोंडापाशी ताणून चढवा. फोम स्वतःच नळीला धरून बसतो. वरच्या भागावर फ्लॅशचा उजेड पडला की अख्खा तुकडा उजळतो आणि सावली जवळपास नाहीशी होते. ढालकिड्याच्या चकचकीत पाठीवर आधी जिथे पांढरा जळका ठिपका यायचा तिथे आता सौम्य चौकोनी चमक येते. वेगळा फ्लॅश असेल तर त्याच्यापुढे बटर पेपरचे दोन थर, एकमेकांपासून बोटभर अंतरावर. विषयाजवळ जितका नेता येईल तितका हा डिफ्यूजर (उजेड पसरवणारा पडदा) न्या, उजेड मऊ होतो.

सुरुवातीला कॅमेरा असा लावा : मॅन्युअल मोड, शटर १/२००, एफ/११, आयएसओ ४००, फ्लॅश टीटीएलवर (म्हणजे उजेड किती टाकायचा ते कॅमेराच ठरवेल). पांढरं फूल असेल तर फ्लॅश दोन-तृतीयांश स्टॉपने कमी करा. मागची पार्श्वभूमी रात्रीसारखी काळी यायला लागली तर किड्याच्या मागे वितभर अंतरावर एखादं हिरवं पान येईल अशा कोनात सरका. फ्लॅशचा उजेड त्या पानावर पडतो आणि काळोखाच्या जागी हिरवा रंग मिळतो.

आता बाहेर

बाहेर म्हणजे लगेच आंबोली नको. बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन फुलपाखराच्या अळ्या असतात : लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या, मोठेपणी हिरव्यागार. माळावरच्या रुईवर प्लेन टायगरच्या पट्टेरी अळ्या. जास्वंदीच्या कळीवर मावा, आणि माव्याच्या मागोमाग मुंग्या. भिंतीवरचा उडी मारणारा कोळी तर फोटो काढणाऱ्याकडे वळून बघतो. जाळ्यात नागमोडी पांढरी नक्षी विणून मध्यभागी बसणारा सिग्नेचर स्पायडर सरावासाठी उत्तम, तासन्‌तास जागचा हलत नाही. जूनमध्ये मातीवर फिरणारा मखमली लाल मृगाचा किडा मात्र सतत चालत असतो. त्याच्यापुढे वाटेत फोकस लावून ठेवा आणि तो आत आला की दाबा.

ऑटोफोकस बंद. आधी किती मोठं काढायचं ते ठरवून झूम किंवा फोकसचं कडं तिथे ठेवायचं, मग शरीरच मिलिमीटर-मिलिमीटरने पुढे झुकवायचं आणि डोळा चमकला की शटर. एका झोक्यात तीन-चार फोटो घ्या. पंख, पाठ, पाय धूसर आले तरी चालतात, पण डोळा गेला की फोटो गेला. फुलपाखराचे मिटलेले पंख काढताना सेन्सर पंखाला समांतर धरा. कोन थोडा जरी चुकला तरी पंखाची एक कड विरघळते.

वाऱ्यात हलणाऱ्या फांदीसाठी एक युक्ती आहे, ती घरीच सराव करून पाहा. डाव्या हाताच्या अंगठ्या-तर्जनीत किड्याखालची काडी हलकेच धरायची आणि त्याच हाताच्या तळव्याच्या कडेवर लेन्सची नळी टेकवायची. आता हात हलला तरी काडी आणि लेन्स एकत्र हलतात, त्यांच्यातलं अंतर तेच राहतं. काडी धरण्याआधी पानाच्या मागची बाजू बघून घ्या. आंब्याच्या फांदीवर लाल मुंग्या असतील तर ही युक्ती विसरा.

ट्रायपॉडचं फार मनावर घेऊ नका. फुलं आणि बुरशीसाठी तो चांगला. किड्यासाठी त्याचे तीन पाय पसरेपर्यंत किडा गावाबाहेर पोहोचलेला असतो. सकाळी उजाडल्यापासून ऊन तापेपर्यंतचा वेळ उत्तम, तेव्हा कीटक थंडीने सुस्त असतात. आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका. आणि गुडघा टेकण्याआधी जमीन बघा. कोकणातल्या सड्यांवर, दगडाखाली, गवताच्या ठोंबात फुरसं असतं. ते लहान असतं, मातीच्या रंगाचं असतं आणि विषारी असतं. व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेल्या माणसाला ते कधीच दिसत नाही. पूर्ण बूट आणि जाड पँट, याला पर्याय नाही.

किडे फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करणं, डिंकाने चिकटवणं, कोषाची फांदी तोडून सोयीच्या जागी लावणं, असले फोटो नेटवर वाहवा मिळवतात. ते करू नका.

मग मॅक्रो लेन्स कधी

लिहून ठेवलेले आकडे आणि पावसाळाभरचे फोटो समोर घ्या. बहुतेक चांगले फोटो ०.३ ते ०.५ च्या दरम्यानचे असतील तर झूम आणि भिंग पुरे. सतत १ च्या आसपास रेंगाळत असाल आणि भिंग काढ-घाल करण्याचा कंटाळा आला असेल तर मॅक्रो लेन्सकडे वळा. ४० मिमीची मॅक्रो स्वस्त असते, पण १:१ ला विषय तिच्या काचेपासून जेमतेम तीन-चार सेंटीमीटरवर येतो. फुलं, नाणी, दागिने यांना ती ठीक. कीटकांसाठी ९० ते १०५ मिमी घ्या. टॅमरॉन ९०, कॅनन १००, निकॉन १०५ या सगळ्यांत सेन्सरपासून तीस सेंटीमीटरच्या आसपास १:१ मिळतं. निकॉन आपल्या मॅक्रो लेन्सना 'मायक्रो' म्हणतं, तेवढ्याने गोंधळू नका. स्थिरीकरणासाठी (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) जादा पैसे मोजताना एक लक्षात घ्या : १:१ ला त्याचा फायदा बराच घटतो. कॅननच्या १०० मिमी एल लेन्सवर लांबच्या विषयाला चार स्टॉपचा आधार आहे, १:१ ला कंपनीच दोनच सांगते. फ्लॅशवर काम करत असाल तर बिनस्थिरीकरणाची जुनी १०० मिमी अर्ध्या पैशात तेच काम करते. जुनी घेताना मागून मोबाइलचा टॉर्च मारून काच तपासा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, लेन्स परत द्या.

तीच बुरशी तुमच्याही लेन्सवर चढू शकते, विशेषतः मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत. कॅमेऱ्याच्या बॅगेत पावसाळाभर लेन्स ठेवणं सगळ्यात वाईट. घट्ट झाकणाचा मोठा डबा, आत सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये. निळं सिलिका जेल गुलाबी झालं की कढईत मंद आचेवर भाजून पुन्हा निळं करायचं. ती कढई स्वयंपाकाची नको, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं.

काढलेले फोटो ओळखीसाठी आय-नॅचरलिस्ट या जीव ओळखून देणाऱ्या संकेतस्थळावर टाकणार असाल तर सुंदर एकच फोटो पुरत नाही. फुलपाखराच्या पंखांची खालची बाजू हवी, कारण लहान निळ्या फुलपाखरांत वरून सगळी सारखीच दिसतात. चतुराचा एक फोटो बाजूने हवा, म्हणजे छातीवरचे पट्टे आणि शेपटीच्या टोकाचे चिमट्यासारखे अवयव दिसतात. रानफुलाचं पान, देठ आणि फुलाची मागची बाजू हवी. पठारावरून फक्त पाकळ्यांचे क्लोजअप घेऊन येणाऱ्यांवर वनस्पती ओळखणारे वैतागलेले असतात.